राणीसाहेबांचे रुमाल

गावाला समुद्र पहिल्यापासूनच होता. गावाने त्याची दखल घेतली ती मात्र दीडशे वर्षांपूर्वी. त्याआधी सगळ्या घरांची पाठ समुद्राकडे असे. तिकडून खारा वारा यायचा, खिळे गंजायचे, म्हणून त्या अंगाला संडास, कोंबड्यांची खुराडी आणि म्हाताऱ्या सासऱ्यांची खोली काढायची पद्धत होती. मग शहरातल्या एका डॉक्टरने आपला एक श्रीमंत पेशंट हवापालटासाठी इथे धाडला. पेशंट धड मरत नव्हता, धड बरा होत नव्हता आणि रोज नवीन शंका विचारत होता. इथे तो तीन आठवड्यांत खडखडीत बरा झाला. डॉक्टरपासून लांब राहिला म्हणून बरा झाला, असं तेव्हाही काही लोक म्हणाले, पण श्रेय समुद्राला गेलं. दोन वर्षांत मोठं हॉटेल उभं राहिलं. एकेका घराने तोंड फिरवलं. जिथे खुराडी होती तिथल्या खोल्यांना ‘सागरदर्शन’ असं नाव आणि चौपट भाडं लागलं. गावकरी पूर्वी ओट्यावर बसून काहीही न करण्यात दिवस घालवत. आता तेच करायला लांबून माणसं येऊ लागली, आणि गावकऱ्यांना मात्र खुर्च्या मांडण्यापासून फुरसत मिळेना.

हा इतिहास मास्तरांनी गावच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवला. खुराडी वगळून. त्यांचा सगळा भर तीन थोर पाहुण्यांवर असे. पहिल्या राणीसाहेब. त्या डिसेंबरात मोठ्या हॉटेलात नऊ दिवस राहिल्या, रोज सूर्योदयाला समुद्रात पोहल्या आणि जाताना म्हणाल्या, “या लाटांनी मला नवा जन्म दिला.” दुसरे कवी. ते वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत शंभर दिवस समुद्राकडे बघत बसले. तिसरे सेनापती. सत्तराव्या वर्षीही त्यांचे केस काळेभोर होते, ते इथल्या हवेमुळे. हॉटेलातून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना ‘राणीघाट’ म्हणतात, कवींच्या खोलीचं आरक्षण वर्षभर आधी करावं लागतं, आणि सेनापतींच्या नावाचं तेल दुकानात मिळतं. परीक्षेत तीनपैकी एकावर टीप लिहा, असा प्रश्न हमखास यायचा.

एका गुरुवारी नगराध्यक्षांनी मास्तरांना बोलावून घेतलं. नगराध्यक्ष त्यांचे जुने विद्यार्थी. सातवीत असताना त्यांनी राणीसाहेबांवरच्या टिपेत ‘डिसेंबरात पाणी बर्फासारखं असतं, राणी कशाला जाईल’ एवढंच लिहिलं होतं. मास्तरांनी शून्य दिलं होतं आणि वर दोन पट्ट्याही. त्यानंतर विद्यार्थ्याने असली चूक आयुष्यात केली नाही, आणि म्हणूनच तो नगराध्यक्ष झाला.

केबिनमध्ये मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरबाईही बसल्या होत्या. काचेपलीकडे समुद्र होता. तो या खोलीत भाडं न देता दिसत होता, याचं त्यांना वाईट वाटत असावं, कारण त्या सारख्या तिकडे बघत होत्या.

“सर, गावात पाहुणे यायला लागून दीडशे वर्षं होतायत,” नगराध्यक्ष म्हणाले. “स्मरणिका काढतोय. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. मजकूर तुमचा.”

“लिहू की,” मास्तर म्हणाले.

“आणि दुसरं जरा नाजूक आहे. तुमच्या अक्कांची लाँड्री.”

 लाँड्री मोठ्या हॉटेलला अगदी खेटून, किनाऱ्यावर होती. पुढे अंगण, अंगणात बारा दोऱ्या, मागे भट्टी आणि दोन खोल्या. अक्का आणि मास्तर दोघं तिथेच जन्मले. मास्तर शिकून बाहेर पडले, अक्का शिकली नाही म्हणून तिला काहीतरी येत होतं. आता ती सत्तरीला आली होती आणि अजून पहाटे भट्टी पेटवत होती.

“गेस्टच्या प्रत्येक फोटोत चादरी येतात,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “परवा एका जोडप्याने सूर्यास्ताचा फोटो काढला. सूर्य उशीच्या अभ्र्यामागे गेला.”

“सोमवारी सभेत ठराव येतोय,” नगराध्यक्ष म्हणाले. “लाँड्री बसस्टँडच्या मागे न्यायची.”

“तिथे धूळ आहे. पांढरं कापड वाळेल कसं? आणि ती राहते त्या खोल्यांचं काय?”

“म्हणून तर तुम्हाला बोलावलं, सर. ऐतिहासिक वास्तूला कुणी हात लावू शकत नाही, असा नियम आहे. आणि ऐतिहासिक म्हणजे काय, तर स्मरणिकेत जिच्यावर पान आहे ती. एक पान लाँड्रीवर लिहा. फक्त त्यात कुणीतरी थोर माणूस पाहिजे. समजा, राणीसाहेबांचा पोहण्याचा पोशाख तिथे धुतला जायचा. मॅडमचीही हरकत नाही.”

“तसं असेल तर चादरीसुद्धा हेरिटेज होतील,” मॅनेजरबाई मन मोठं करून म्हणाल्या. “आम्ही खोलीचा दर वाढवू.”

मास्तर तडक लाँड्रीत गेले. अक्का इस्त्री करत होती. एका हाताने ती अभ्र्यावर पाणी शिंपडत होती आणि दुसऱ्या हाताने इस्त्री अशा वेगाने फिरवत होती, की मास्तरांना आपण तेहतीस वर्षं खडू धरण्यापलीकडे काही केलं नाही असं वाटलं.

“ये. पाय पुसून ये,” ती म्हणाली. “चेहरा का पडलाय? पेन्शन बंद झाली?”

मास्तरांनी सगळं सांगितलं. अक्काने इस्त्री उभी करून ठेवली. तिने दोऱ्यांकडे बघितलं.

“बसस्टँडच्या मागे,” ती म्हणाली. “तिथे मला वारा कोण देणार? तुझा तो नापास विद्यार्थी?”

“म्हणून पान लिहायचंय. पणजीच्या वेळची ती खुणांची वही आहे ना अजून?”

पणजीला अक्षरओळख नव्हती. तिने प्रत्येक गिऱ्हाइकाला लाल दोऱ्याची एक खूण ठरवून दिली होती. पणजी ती कपड्याच्या आतल्या कडेला घालायची. तीच खूण एका कापडी वहीच्या पानावर टाक्यांनी काढायची आणि तिच्यापुढे त्या दिवशी आलेले कपडे: चादरीला चौकोन, सदऱ्याला दोन बाह्या, रुमालाला नुसता ठिपका, पोहण्याच्या पोशाखाला दोन वाकड्या रेघा. डागांनाही रंग होते. निळा टाका शाईचा, काळा कलपाचा, पिवळा औषधी तेलाचा, तांबडा दारूचा. कारण प्रत्येक डाग काढायची तऱ्हा वेगळी. पुढे आजी दोन इयत्ता शिकली तेव्हा तिने पणजीला विचारून विचारून कडेने पेन्सिलीने नावं लिहून ठेवली. आईने तशीच वही चालवली आणि अक्का अजून चालवत होती. फक्त दोऱ्याऐवजी रंगीत पेनं आली होती.

अक्काने ट्रंकेतून वही काढली. मास्तरांनी चष्मा पुसला. तिसऱ्या पानावर मुकुटासारखी खूण होती आणि बाजूला आजीच्या अक्षरात ‘रानीसायेब’.

 तेहतीस वर्षं शिकवलेली बाई पहिल्यांदाच समोर आली होती.

“हे चौकोन. रोज दोन चादरी,” अक्का बोट फिरवत म्हणाली. “आणि हे ठिपके बघ. पहिल्या दिवशी एकतीस, दुसऱ्या दिवशी चाळीस.”

“एवढे रुमाल?”

“सर्दी. आणि हा पिवळा टाका चादरीवर. छातीला तेल चोळत होते. नऊ दिवस बाई अंथरुणातून उठलेली नाही.”

“पण पोहण्याचा पोशाख?”

“दोन वाकड्या रेघा शोध. सापडल्या तर मला सांग.”

मास्तरांनी नऊ दिवस उलटेसुलटे तपासले. रेघ नव्हती. त्यांनी घाईघाईने पुढची पानं उलटली, कवी तरी हाताशी लागतील म्हणून. कवींची खूण एकदाच आली होती. एक सदरा, एक चादर, आणि पुढे रिकामा चौकोन.

“हे काय?”

“एक रात्र राहिला. हा रिकामा चौकोन म्हणजे न आलेला टॉवेल. हॉटेलचा टॉवेल घेऊन गेला आणि हॉटेलवाल्यांनी आळ पणजीवर घेतला. घरात अजून त्याला टॉवेलवालाच म्हणतात. तुला आठवत नाही?”

मास्तरांना आठवलं. लहानपणी जेवताना ‘टॉवेलवाला’ ऐकला होता, पण तो आणि शाळेतले कवी एकच असतील असं कधी वाटलं नव्हतं. सेनापतींचं पान त्यांनी भीतभीतच उघडलं. उशीचे अभ्रे, रोजचे. प्रत्येकावर काळा टाका.

“कलप,” अक्का म्हणाली. “पणजी लिंबू लावायची. तरी जायचा नाही.”

मास्तर बाकावर बसले. वर्गातल्या सगळ्या बाकांवरची मुलं त्यांच्या डोळ्यांपुढे आली, आणि त्यांतलं एक विशेष करून, दोन पट्ट्या खाल्लेलं. पण थोड्या वेळाने त्यांना वेगळीच उकळी फुटली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हाती खरा इतिहास लागला होता, आणि वर बहिणीचं घरही त्यानेच वाचणार होतं. असा योग इतिहासकारांच्या वाट्याला सहसा येत नाही.

“अक्का, हे जसंच्या तसं छापतो. एकतीस रुमाल, चाळीस रुमाल. याहून ऐतिहासिक वास्तू गावात दुसरी नाही. तुला कुणी हलवू शकणार नाही.”

“छापायचं नाही,” अक्का म्हणाली आणि तिने वही मिटली.

“का?”

“पणजीने कुणाला सांगितलं नाही. आजीने नाही, आईने नाही. माणूस अंगावरचं काढून आपल्या हातात देतो, ते काय गावभर दाखवायला? डाग काढायचा, घडी घालायची, परत द्यायचं. डागाबद्दल बोलायचं नाही. एवढं एकच तर शिकवलंय मला.”

“अगं, मरून शंभर वर्षं झाली बाईला.”

“म्हणून तिची सर्दी चव्हाट्यावर मांडायची?”

“बरं. मग नगराध्यक्ष म्हणतो तसं लिहितो. पोहण्याचा पोशाख इथे धुतला.”

“जो आलाच नाही तो धुतला म्हणून सांगायचं? उद्या कुणी विचारलं, पाठवला होता तर परत कुठेय, तर? आधीच एक टॉवेल आपल्या डोक्यावर आहे.”

मास्तर वैतागले. “खरं लिहायचं नाही, खोटं लिहायचं नाही. मग लिहू तरी काय?”

“मला काय विचारतोस? इतिहास तुझा विषय,” अक्का म्हणाली आणि तिने पुन्हा इस्त्री उचलली. पण अभ्रा तिने तोच परत घेतला होता, आधी झालेला. हात चालत होता, लक्ष दोऱ्यांकडे होतं.

शुक्रवार, शनिवार, रविवार मास्तर टेबलाशी बसून होते. त्यांनी लाँड्रीवर चार पानं लिहिली आणि चारही फाडली. खरं लिहिलं की अक्का दिसायची, खोटं लिहिलं की पणजी. रविवारी नगराध्यक्षांचा फोन आला.

“सर, पोशाखाचा रंग कोणता लिहिलात? फलक रंगवायला देतोय.”

“पान लिहिलेलं नाही,” मास्तर म्हणाले. “लिहिणारही नाही.”

 मग नगराध्यक्ष हळूच म्हणाले, “मग सर, ठराव होईल. माझा इलाज नाही.”

सोमवारी दुपारी सभागृह भरलं होतं. नोटिशीत लिहिलं होतं, ‘आपल्याकडील सर्व कागदपत्रांसह उपस्थित राहावे,’ आणि अक्का नोटिशीतलं प्रत्येक अक्षर पाळणारी. तिने पणजीची वही आणली, आजीच्या दोन, आईच्या सात आणि स्वतःच्या बावीस. सगळ्या एका चादरीत बांधून हातगाडीवरून आणल्या आणि गाठोडं मांडीवर मावेना म्हणून पुढच्या टेबलावर ठेवलं, नगराध्यक्षांच्या पाण्याच्या तांब्याशेजारी. मास्तर तिच्याजवळ बसले. त्यांना फक्त एवढं कळत होतं, की तासाभरात बहिणीचं घर जाणार आहे आणि आपण इतिहासाचे पदवीधर आहोत.

मॅनेजरबाईंनी पडद्यावर फोटो दाखवले. सूर्यास्त आणि चादरी. लग्न झालेलं जोडपं आणि चादरी.

“या तर तुमच्याच चादरी,” अक्का बसल्या जागेवरून म्हणाली. “कडेला खूण आहे.”

“प्रश्न तो नाही, आजी.”

“बरं.”

व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष बोलले. गावाचं सौंदर्य ही गावाची इभ्रत असं ते म्हणाले. आरोग्य समितीचे डॉक्टर बोलले. उघड्यावर ओले कपडे डासांना आमंत्रण देतात, असं त्यांचं मत पडलं. मग नगराध्यक्षांनी नियमाप्रमाणे विचारलं, “अक्का, या जागेच्या ऐतिहासिक महत्त्वाबद्दल तुम्हाला काही मांडायचं आहे?”

अक्का उठली. तिने गाठोड्यावर हात ठेवला.

“कागदपत्रं आणा म्हणालात, आणलीत. यात सगळं आहे. आमच्याकडे ज्यांचे ज्यांचे कपडे आले त्या सगळ्यांचं, अगदी पहिल्या दिवसापासून ते परवाच्या शनिवारपर्यंत. कुठला कपडा, कुणाचा, कुठल्या खोलीतून आला, त्यावर कसला डाग होता. आमच्या घरात खोटं लिहीत नाहीत. पण मी हे उघडणार नाही. माझा भाऊ माझ्या मागे लागला होता, मी त्यालाही नाही म्हणाले. आम्ही कुणाच्या डागाबद्दल बोलत नाही. राणीसाहेबांच्या नाही आणि इथे बसलेल्यांच्याही नाही. माझी जागा गेली तरी बोलणार नाही. एवढंच.”

आणि ती बसली. तिला खरोखरच एवढंच म्हणायचं होतं.

 व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष आपल्या शर्टाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणांमधल्या जागेकडे बघू लागले. डॉक्टरांना आपला पांढरा कोट मंगळवारी नेमका कुठल्या खोलीतून धुवायला गेला ते आठवत असावं, कारण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मॅनेजरबाई मनाशी काहीतरी मोजत होत्या. हॉटेलच्या जाहिरातीत ‘चादरी रोज बदलतो’ असं छापलं होतं, आणि रोज किती चादरी धुवायला जातात हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. दुसरं माणूस समोर शांतपणे पदराने कपाळ पुसत होतं.

“म्हणजे, कुठल्या खोलीतून, हेही लिहिलेलं असतं?” नगराध्यक्षांनी खोल आवाजात विचारलं. त्यांचं स्वतःचं घर गावातच होतं, पण उन्हाळ्यात बैठकांसाठी ते हॉटेलवर असत.

“लिहावंच लागतं. नाहीतर कपडे बदलतात. पण तुम्ही काळजी करू नका,” अक्का मायेने म्हणाली. “मी कुणाला काही सांगत नाही.”

नगराध्यक्ष पाणी प्यायले. मग व्यसनमुक्तीवाले उभे राहिले आणि म्हणाले, की पांढऱ्या चादरी वाऱ्यावर हलताना त्यांना नेहमी शिडांच्या जहाजांची आठवण येते. डॉक्टरांनी दुरुस्ती सुचवली: खाऱ्या वाऱ्यात डास टिकत नाहीत. मॅनेजरबाईंनी आपले फोटो मागे घेतले. ते काढले तो कॅमेरा खराब होता म्हणे. चार मिनिटांत एकमताने ठराव झाला, की लाँड्री जिथे आहे तिथेच राहील, तिच्या दोन खोल्यांसह, कायमची. सगळ्यात आधी हात वर केला तो नगराध्यक्षांनी.

“आणि त्या वह्या,” त्यांनी अगदी सहज विचारलं, “नगरपालिकेच्या तिजोरीत ठेवायच्या का? सुरक्षित राहतील.”

“ट्रंकेत बऱ्या आहेत,” अक्का म्हणाली.

हातगाडी ढकलत दोघं किनाऱ्याने परतत होती. मास्तरांना हसू आवरत नव्हतं.

“काय दम दिलास, अक्का.”

“कसला दम?”

“अगं, सगळ्या सभागृहाला घाम फुटला.”

“उकडतच होतं तिथे. आणि दम कसला? मी तर उलट म्हणाले, काही सांगणार नाही.”

मास्तरांनी तिच्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर काही सापडलं नाही. लहानपणी पत्ते खेळतानाही सापडायचं नाही. तेव्हा ते हरायचे, म्हणून आताही त्यांनी विषय सोडला.

स्मरणिका महिन्याभराने निघाली. राणीसाहेब नऊ दिवस पोहल्या, कवी शंभर दिवस बसले, सेनापतींचे केस काळेच राहिले. मास्तरांनी ते सगळं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि एकदाही पेन अडलं नाही; सवय होती. लाँड्रीच्या पानावर मात्र त्यांनी एकच वाक्य लिहून दिलं: ‘इथे दीडशे वर्षं गावातल्या सर्वांचे कपडे धुतले गेले.’ नगराध्यक्षांनी त्यातलं ‘सर्वांचे’ काढलं आणि खाली भर घातली: ‘या ठिकाणी इतिहासात नोंद घेण्यासारखे काहीही घडलेले नाही.’ गावातली ही एकमेव तशी जागा ठरली, त्यामुळे पाहुण्यांना ती फार आवडली. तोच मजकूर लाँड्रीपुढच्या फलकावर रंगवला होता; त्यापाशी उभं राहून लोक फोटो काढू लागले. मागे चादरी येतील असे.

पुढच्या आठवड्यात मास्तर गेले, तर अक्का गाठोड्यांच्या राशीत बसली होती आणि कपाळावर आठ्या होत्या. तिने एक चादर नाकाशी नेली, मग एक सदरा, मग डॉक्टरांचा कोट.

“काय झालं?”

“बघ तू. हॉटेलचा गठ्ठा, नगराध्यक्षाच्या घरचा, त्या दारू सोडवणाऱ्याचा. एकावरही डाग नाही. हे सगळं धुऊन आलंय.”

“मग बरं झालं की. काम वाचलं तुझं.”

“बरं काय झालं?” अक्काने मॅनेजरबाईंच्या हॉटेलची चादर उजेडात धरली. तिच्यावर कडेपासून मध्यापर्यंत फिकट गुलाबी झाक पसरली होती. “पांढऱ्यात लाल घालून उकळलंय. साबण निघालेला नाही. आणि हा बघ नगराध्यक्षाचा सदरा. स्वतःच्या हाताने पिळलाय वाटतं, बाही मनगटापर्यंत यायची ती गुडघ्यापर्यंत गेलीय. कुणी सांगितलं होतं यांना हा उद्योग?”

मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं. मग तिच्या तोंडाकडे बघून मिटलं.

“माणसांना काही म्हणजे काही जमत नाही,” अक्का म्हणाली. तिने पदर खोचला, सगळी रास उचलली आणि उकळत्या भट्टीत टाकली. “तू बसू नकोस नुसता. चिमटे घे.”